राख, रिठा आणि राबणारे हात

गेल्या पावसाळ्यात घरकाम करणाऱ्या बायांची एक बैठक आमच्या युनियनच्या कचेरीत भरली होती. पगार, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस हे नेहमीचे विषय आटोपले, तशी मागच्या ओळीतली एक बाई उठली आणि म्हणाली, "भाऊ, माझं गाऱ्हाणं जरा निराळं आहे. आमच्या वहिनींनी धुण्याची पावडर बंद केली. आता घरीच रिठ्याचं पाणी करतात. म्हणतात, पावडरीनं नदी मरते. खरंही असेल. पण त्या पाण्यानं कॉलरचा मळ निघत नाही. पहिल्याच्या दुप्पट घासावं लागतं, आणि पगार तेवढाच. वहिनी नदी वाचवतात अन् माझी मनगटं जातात." बैठकीत हशा पिकला. ती मात्र हसली नाही. खाली बसता बसता तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "एक सांगते, खोटं कशाला बोलू? सोड्यानं फुटलेली बोटं मात्र भरून आली."

त्या दिवशी आम्ही तिला धड उत्तर देऊ शकलो नाही. बोनसचा प्रश्न असता तर कायद्याचे कलम काढून दाखविले असते. येथे एका पारड्यात नदी होती आणि दुसऱ्यात एका बाईची मनगटे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे नगर वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा अडले म्हणजे जे करतो तेच केले. पुस्तके काढून बसलो. कपडे धुण्याच्या इतिहासाचा त्यातून जो मागोवा लागला, तो आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. विषय मोरीतला आहे, तो या व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका कोणास येईल. परंतु येथे जमलेल्या प्रत्येकाच्या अंगावर धुतलेला कपडा आहे आणि तो कोणीतरी धुतलेला आहे. विषय निवडण्यास एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते.

घरच्या घरी धुण्याचे द्रव्य करणे ही काही आजकालची टूम नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते वस्त्र कशाने शुद्ध करावे याची यादीच दिली आहे. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, बकऱ्याच्या केसांची कांबळी रिठ्याने, तलम वस्त्रे बेलफळाने आणि जवसाच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने. रिठ्याला तेथे अरिष्टक म्हटले आहे. त्याचे दुसरे संस्कृत नाव फेनिल, म्हणजे फेसाळ. युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाच्या प्रजातीला 'सॅपिंडस' असे नाव दिले, त्याचा अर्थ हिंदुस्थानी साबण! रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक अंग पाण्याशी सलगी करते आणि दुसरे तेलकटाशी. त्यामुळे कपड्याला चिकटलेला तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर जातो. साबणाचे कामही ह्याच रीतीने चालते.

खाराची हकिगत तर आपल्याच प्रांतातली आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झालेले असून त्याच्या पाण्यात सोड्याचे क्षार आहेत. अकबराच्या कारकिर्दीत अबुल फजलाने लिहिलेल्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात लोणार येते, आणि काच व साबण करण्यास लागणारा माल तेथे मिळतो असे तो सांगतो. जेथे असा खार पोचत नसे तेथे चुलीतली राख होतीच. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. राख फडक्यात बांधून तिच्यावर पाणी ओतावे. खाली जे निवळ पाणी उतरते ते बोटांना बुळबुळीत लागते आणि तेलकटपणा तोडते. आमची आजी गोधड्या ह्याच पाण्यात भिजत घालीत असे. 'पर्यावरण' हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

येथेच थांबून 'पूर्वीचे सारे कसे निर्मळ होते' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. आम्हांस ते जमत नाही. ज्या मनुस्मृतीत रिठ्याची महती आहे, तिच्याच आठव्या अध्यायात धोब्याने कपडे सावरीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हाताने धुवावेत, एकाचे कपडे दुसऱ्यात मिसळू नयेत, असा नियम आहे. आणि चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये अशांच्या यादीत हाच कपडे धुणारा बसविला आहे. कपडा शुद्ध करण्याची रीत शास्त्राने बारकाईने सांगितली, पण तो शुद्ध करणारा माणूस मात्र अशुद्ध ठरविला.

आपल्या गावगाड्यातला परीट हा बलुतेदार. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावरून जे धान्य पदरात पडेल ते घ्यायचे. थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्यात उभे राहायचे. कोणाचा कपडा कोणता हे कळावे म्हणून बिब्ब्याच्या रसाने खुणा करायच्या, आणि त्या रसाने अंगावर फोड येतात तेही सोसायचे. नव्यासारख्या कडक पोशाखाला आपण अजूनही परीटघडीचा पोशाख म्हणतो. भाषेने घडीची आठवण राखली. घडी घालणाऱ्याला पंगतीत कोणी बसविले नाही. त्याच परीट समाजात १८७६ साली वऱ्हाडातल्या शेंडगावी गाडगेबाबांचा जन्म झाला. १९५६ साली देह ठेवीपर्यंत ते गावोगाव खराटा घेऊन हिंडले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची, हा त्यांचा क्रम. स्वच्छतेला कष्ट पडतात आणि ते कोणाच्या वाट्याला येतात, हे ज्याने घरातच पाहिले आहे, त्यानेच हातात खराटा घ्यावा यात नवल ते काय?

आता साबणाकडे वळू. साबण हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. तेल किंवा चरबी आणि तीव्र खार यांचा संयोग झाला की साबण व ग्लिसरीन तयार होते. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरबीची घडण उलगडून दाखविली, तेव्हा या क्रियेमागचे शास्त्र कळले. परंतु खरी अडचण शास्त्राची नसून खाराची होती. राख करायची तर लाकूड हवे, आणि युरोपातले लाकूड संपत चालले होते. १७९१ साली निकोला लब्लाँ या फ्रेंच गृहस्थाने मिठापासून सोडा काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि ही अडचण सुटली. पुढे इंग्लंडात लँकेशायर परगण्यात या कृतीचे मोठमोठे कारखाने निघाले. सोडा स्वस्त झाला, म्हणून साबण स्वस्त झाला, म्हणून गोरगरिबांच्या अंगावर धुतलेला कपडा आला. हा उपकार लहान नव्हे.

त्याची किंमत कोणी दिली? सोडा काढताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघे, तो चिमणीवाटे उघड्यावर सोडून देत. आसपासची झाडे वाळली, कुंपणे करपली. जमीनदारांनी ओरड केली आणि १८६३ साली पार्लमेंटाने अल्कली कायदा केला. आम्लाच्या वाफेपैकी शेकडा ९५ भाग कारखान्यातच अडविला पाहिजे असे बंधन घातले. हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या जगातल्या पहिल्या कायद्यांपैकी हा एक, आणि तो झाला कपडे स्वच्छ करण्याच्या सोड्यापायी. परंतु कारखान्याच्या आत तोंडाला फडकी बांधून काम करणाऱ्या मजुरांचे दात त्या वायूने झिजत राहिले. जमीनदारांच्या झाडांसाठी धावलेला कायदा त्या दातांपाशी पोचला नाही.

याच सुमारास अमेरिकेत घरगुती साबण करणाऱ्या काही बायांनी जे करून दाखविले, ते आमच्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत उजळ पान आहे. जॉर्जिया संस्थानातल्या अटलांटा शहरातल्या या धोबिणी. जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय. कोणी स्वतः गुलामगिरीत दिवस काढलेल्या, तर कोणी गुलामांच्या मुली. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, पण काम तेच राहिले होते. सोमवारी घरोघरचे कपडे गोळा करायचे आणि शनिवारी इस्त्री करून पोचते करायचे. पाणी विहिरीवरून, पंपावरून वाहून आणायचे. खाराचे पाणी वापरून साबण त्या घरीच करीत, गव्हाच्या कोंड्यापासून खळ काढीत आणि बीअरची पिंपे अर्धी कापून त्यांच्या टाक्या करीत. एवढे सारे करून महिन्याची मिळकत ४ ते ८ डॉलर.

जुलै १८८१ मध्ये त्यांच्यातल्या २० जणी एकत्र आल्या आणि त्यांनी धोबिणींची संघटना काढली. मागणी एकच, १२ पौंड कपड्यांना १ डॉलर असा सर्वांचा सारखा दर. मागणी मान्य होईना तेव्हा संप पुकारला. घरोघर फिरून त्यांनी बाया जोडल्या, आणि तीन आठवड्यांत २० च्या ३००० झाल्या. आम्ही गेली तीस वर्षे सभासदनोंदणी करीत आहोत. तीन आठवड्यांत तीन हजार म्हणजे काय, हे आम्हांस विचारा! पोलिसांनी धरपकड केली, दंड झाले. धोबिणींच्या संघटनेतल्या प्रत्येक सभासदावर वर्षाला २५ डॉलर परवाना फी बसविण्याचा घाट नगरमंडळात घातला गेला. बायांनी मेयरला पत्र धाडले. त्याचा मथितार्थ असा, की आम्ही २५ काय, ५० डॉलरही भरू. मात्र मग शहराचे धुणे आमच्याच हाती राहील आणि दर आम्ही ठरवू. शेवटी नगरमंडळाला तो ठराव सोडून द्यावा लागला. त्यांचे पाहून शहरातल्या स्वयंपाकिणी आणि दायाही वाढीव पगार मागू लागल्या.

या बायांचा साबण आजच्या कसोटीला लावला तर अगदी सोज्ज्वळ म्हणावा लागेल. त्यात कारखान्याचे रसायन नाही की खोका नाही. परंतु साबण घरचा आहे म्हणून त्यांचे कष्ट कोणी कमी मोजले नाहीत, कारण ते त्यांनी स्वतः मोजले. आपल्या श्रमाला भाव असतो आणि तो एकजुटीने मिळवायचा असतो, हे युनियनचे पहिले सूत्र त्यांनी टाकीतल्या फेसात हात घालून शोधून काढले.

पुढे १८८८ साली विलायतेचा सनलाइट साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १९१८ साली गोदरेजांनी चावी छापाचा देशी साबण काढला, तर १९३४ साली लिव्हर कंपनीचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. याच कंपनीने १९११ पासून साबणाच्या तेलासाठी बेल्जियन काँगोत ताडाची जंगले मिळविली होती, आणि तेथल्या फळांची तोडणी सक्तीच्या मजुरीने होत असे. आपल्या वाड्यातल्या दगडावर जी वडी घासली जाई, तिचा धागा इतक्या दूरवर कोणाच्या पाठीशी बांधलेला होता, हे धुणाऱ्या बाईला कसे कळावे?

साबणात एक खोट आहे. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा जड. त्यातल्या चुन्याशी साबणाचा संयोग होऊन चोथा बनतो, तो कपड्यावर बसतो आणि फेस काही येत नाही. पेट्रोलियमपासून केलेल्या नव्या भुकट्यांना ही अडचण नव्हती. अमेरिकेत १९४६ साली टाइड निघाली, आपल्याकडे १९५९ साली सर्फ आली. घासण्याचे श्रम खरोखरच कमी झाले. हे कबूल न करणाराने एकदा जड पाण्यात गोधडी साबणाने धुऊन पाहावी.

परंतु या भुकट्यांतले पहिले रसायन असे होते, की पाण्यातले सूक्ष्म जीव ते पचवू शकत नसत. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला आणि १९६४ पासून तो अमलात आणला. कारखानदारांना पचणारे रसायन शोधावे लागले. पाठोपाठ फॉस्फेटचा प्रश्न उभा राहिला. ते पाणी मऊ करते खरे, पण तळ्यात गेले की शेवाळाचे खत होते. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरील ईरी सरोवराची अशीच दुर्दशा झाली. स्वित्झर्लंडने १९८६ साली धुण्याच्या भुकटीत फॉस्फेट घालण्यास बंदी केली.

नदीच्या आधी माणूस असतो, हे मात्र येथेही विसरले गेले. डाग खाणारी विकरे भुकटीत मिसळण्याची चाल साठाच्या दशकात पडली. ती एका जीवाणूपासून काढीत. १९६९ साली इंग्लंडात फ्लिंट नावाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले, की त्या विकरांची धूळ श्वासावाटे गेल्याने कारखान्यातल्या कामगारांना दम्यासारखा विकार जडतो आहे. त्यानंतर विकरांवर आवरण चढवून त्यांचे दाणे करण्यात येऊ लागले, धूळ उडेनाशी झाली. आज खोक्यातून भुकटी ओतताना आपल्याला खोकला येत नाही, त्यामागे त्या कामगारांची फुफ्फुसे आहेत.

त्याच १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल हे सरकारी प्रयोगशाळेतले रसायनज्ञ आपल्या घराच्या परसात भुकटी तयार करून सायकलवरून दारोदार विकू लागले. हीच निर्मा. घरी केलेली धुण्याची भुकटी म्हणून एवढे मोठे उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही. ती स्वस्त होती म्हणून मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरात शिरली. तिच्या मागोमाग गावोगाव पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या आणि त्यांत नाना छापांच्या भुकट्या तयार होऊ लागल्या.

अशाच एका शेडीत १९८९ साली वयाच्या अठराव्या वर्षी आम्ही कामाला लागलो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सोड्याची पोती फोडायची, फावड्याने ढीग कालवायचा, चाळायचा आणि पिशव्या भरायच्या. संध्याकाळी नाकाच्या आत चिरा पडलेल्या असत, पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. आई चार घरची धुणीभांडी करी, तिच्या बोटांना त्याच सोड्याच्या भेगा. रात्री आम्ही दोघे दिव्याखाली बसून हातांना खोबरेल तेल लावीत असू. माल करणारा आणि माल वापरणारी, दोघांची औषधाची बाटली एकच. तोंडाला बांधायला धड फडके द्या, एवढे मागितले म्हणून आम्हां सहा जणांना दरवाजाबाहेर काढले. आमची युनियनची शाळा तेथे सुरू झाली.

इतका फेरा मारून आता त्या बाईच्या गाऱ्हाण्याकडे येतो. तिच्या वहिनींचे म्हणणे चूक नाही. आळंदीला ज्ञानोबांच्या पायाशी इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर पुन्हा पुन्हा दिसले आहेत. वारकरी त्या पाण्यात स्नान करतात, हे पाहून कोणाचे काळीज हलणार नाही? त्याचा दोष एकट्या मोरीवर टाकता येत नाही. कारखान्यांचे आणि शहरांचे न शुद्ध केलेले सांडपाणी हे त्याचे मूळ आहे, आणि ते शुद्ध करणे हे नगरपालिकांचे, कारखानदारांचे आणि सरकारचे काम आहे. घरोघरच्या बाया रिठा उकळतात म्हणून त्यांची जबाबदारी सुटत नाही. तरीही आपल्या मोरीतून जे जाते त्याचा विचार आपण करावा हे उचितच आहे.

तो करायचा तर पुरतेपणी करावा. बी काढलेला १०० ग्रॅम रिठा लिटरभर पाण्यात रात्री भिजत टाकावा, सकाळी १५-२० मिनिटे उकळून, कुस्करून गाळून घ्यावा. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून बेताचेच करावे, आणि डोळ्यांपासून जपावे. जड पाण्यात त्याचा चोथा होत नाही, लोकर व रेशीम त्याने छान निघते. पण तेलकट कॉलरीपुढे ते दुबळे पडते, हे त्या बाईचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. रिठाही अगदी निरुपद्रवी नाही. त्याच्या पाण्याने मासे गुंगतात, म्हणून तो मासे धरण्यासाठी वापरीत आले आहेत. मात्र तो लवकर कुजून जातो, हा त्याचा गुण. कोणी खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर मिसळून धुतात. आम्ल आणि खार एकमेकांना मारतात, फसफस दिसते आणि हाती फारसे काही उरत नाही. कोणी कॉस्टिक आणून घरी साबण करतात. त्यांनी कॉस्टिक पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून डोळे जातील. आणि धुण्याचा सोडा घालून जी 'घरगुती' भुकटी करतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तो सोडा बहुतेक कारखान्यातूनच येतो आणि तेथेही कोणीतरी फावडे चालवीत असतो.

आमच्या वाचनाचा निष्कर्ष थोडक्यात हा. धुण्याचे द्रव्य बदलले की खर्च नाहीसा होत नाही; तो एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. सोड्याने तो लँकेशायरच्या मजुरांवर टाकला, भुकटीने नदीवर टाकला, रिठ्याने तो पुन्हा मनगटांवर आणला. नदीवरचा बोजा उतरविणे हे पुण्यकर्म खरे. पण तो मोलकरणीच्या मनगटावर ठेवून पुण्य आपल्या खाती जमा करणे न्यायाचे नव्हे. स्वतःच्या घरचे कपडे स्वतः रिठ्याने धुणाऱ्याला आमचा नमस्कार आहे. दुसऱ्याकडून धुऊन घेणाऱ्याने वाढलेला वेळ मोजावा आणि त्याचे दाम द्यावे.

हे आम्ही त्या वहिनींना भेटून सांगितले. बाई सुशिक्षित आणि मनाने चांगल्या आहेत; त्यांनी ऐकून घेतले. कपडे रात्रीच रिठ्याच्या पाण्यात भिजत घालण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. कॉलरीपुरती साध्या साबणाची वडी मोरीत आली. एकदा अंगावर घातलेली प्रत्येक चादर, प्रत्येक सदरा धुण्यात टाकण्याची घरातली सवयही थोडी कमी झाली. अर्ध्या तासाच्या वाढीव पगाराचा विषय निघाला तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात बघू." त्याला आता सात महिने झाले.

घरकाम करणाऱ्या बायांची पुढची बैठक येत्या रविवारी आहे. ती बाई येणार आहे, आणि या खेपेस वहिनींनाही बोलावणे धाडले आहे. कार्यक्रमपत्रिकेवर तो विषय आम्ही पहिला घेतला आहे.